विषय : किशोर जीपवाल्यावर कारवाई

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०

इरा काल हॉस्पिटलातून घरी आली. अजून झोपली आहे.

आजपासून डायरी. कोणाला दाखवण्यासाठी नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यात एक गोष्ट शिकलो. राग डोक्यात ठेवला तर बीपी वाढतं, कागदावर ठेवला तर समोरच्याचं वाढतं.

घटना थोडक्यात. माझी मुलगी इरावती, वय २३, कापड्याच्या शाळेत विज्ञान शिक्षिका. अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटीस, रोज इन्सुलिन. मंगळवारी, ६ तारखेला, शाळेत क्रीडा स्पर्धा होत्या. दुपारी दोनच्या सुमारास शुगर एकदम घसरली आणि ती मैदानातच कोसळली. झटके आले. शिक्षकांना महाडहून ने-आण करणारा जीपवाला किशोर तिथे होता. त्याने तिला कुशीवर वळवलं, जीपमध्ये घातलं आणि पोलादपूरला हॉस्पिटलात नेलं. तिथे शुगर मोजली. एकतीस.

आता मुद्द्याचं. कापडे ते पोलादपूर वीस मिनिटं. या वीस मिनिटांत किशोरने माझ्या मुलीच्या तोंडात साखरेचा एक कण घातला नाही. जीपमध्ये पेढ्यांचा बॉक्स होता, अर्धा किलोचा. हे त्याने स्वतः मला सांगितलं, वर हसून.

शुगर कमी झाली तर साखर द्यायची, हे कोणीही सांगेल.

त्याला सोडणार नाही.

९ जानेवारी. दुपारी १२

संकल्प :
किशोरचं परमिट बंद पाडणे.
शाळेला लेखी जाब विचारणे.
इराची शुगर यापुढे माझ्या देखरेखीखाली.
स्वतः शांत राहणे.

अनुपमा म्हणाली, चौथा आधी करा. बायकोला प्रशासनातला अग्रक्रम कळत नाही.

१० जानेवारी, शनिवार

इराला अजून थकवा आहे. बोलता बोलता मध्येच थांबते. डॉक्टर म्हणाले होते, एकदा एवढी खाली गेली की पुढचे काही आठवडे शरीर इशारा नीट देत नाही, घाम, थरथर उशिरा कळते. म्हणून शुगर सध्या थोडी वरच राहू द्या, वारंवार तपासा, आणि तिला घाबरवू नका.

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले. का ते कळलं नाही.

डॉक्टर म्हणजे अगदीच पोरगा. मी नोकरीला लागलो तेव्हा जन्मलाही नसेल. त्याने विचारलं, त्या दिवशी डब्यात काय होतं? म्हटलं, योग्य माणसाला विचारलंत. अनुपमा सोमवारी पाचाडला बहिणीकडे गेली होती, म्हणून मंगळवारचा डबा मी भरला. नेहमीच्या दोन पोळ्या आणि भात पूर्ण बंद. कारल्याची भाजी, काकडी, चार बदाम. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलेला डाएट आहे. एकाची शुगर त्याने नॉर्मल झाली. (त्याला वेगळ्या प्रकारचा डायबेटीस आहे म्हणे. शेवटी साखर ती साखर.)

डॉक्टरने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ लिहीत होता. बहुतेक इतर पेशंटना सांगण्यासाठी.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी

इरा सुट्टीवर. मी दर तासाला विचारतो, बरं वाटतंय का. अकरा वाजता तिने खोलीचं दार लावून घेतलं. दाराबाहेरून विचारलं. उत्तर आलं, बाबा, मला झोपायचंय. आवाजावरून शुगर साधारण १४० वाटली.

दुपारी तक्रारीचा मसुदा पूर्ण केला. सात पानं. शेवटी मी घेतलेल्या खबरदारीची यादी जोडली, म्हणजे पालक म्हणून माझी बाजू मजबूत. त्यात डबा घातला. शिवाय तिच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्यांची डबी असायची, ती मी सोमवारी संध्याकाळीच रिकामी केली होती, तेही घातलं. डायबेटीसच्या पेशंटच्या पर्समध्ये गोळ्या म्हणजे दारुड्याच्या खिशात बाटली. त्या डबीत मेथीदाणे भरले आणि चिठ्ठी ठेवली, ‘साखर म्हणजे विष. — बाबा’.

मसुदा अनुपमाला वाचायला दिला. तिने यादीपर्यंत वाचलं, कागद खाली ठेवले आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासलेली होती.

१३ जानेवारी, मंगळवार

पोलादपूरला गेलो. सरकारी कचेरीत बुद्धरत्न आहे, माझा जुना सहकारी, आता तिथे बसतो. परमिटचं काम त्याच्याकडे नाही, पण मसुदा तपासायला त्याच्यासारखा माणूस नाही. सातही पानं वाचली. चहा मागवला. मग म्हणाला, “राजेंद्रराव, पान दोनवर तुम्ही म्हणता, किशोरने जीप बेदरकार वेगात हाणली. पान पाचवर म्हणता, पोचायला अक्षम्य विलंब केला. यातला एक गुन्हा ठेवा. दोन्ही एका जीपमध्ये बसत नाहीत.”

कोणता ठेवायचा हे ठरवायला वेळ मागून घेतला.

निघताना त्याने विचारलं, मुलगी कशी आहे. म्हटलं, बरी. तो म्हणाला, मग तुम्हाला नक्की काय पाहिजे?

हल्ली कचेरीत फार प्रश्न विचारतात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आरोपी स्वतः घरी आला. बरोबर त्याची आई, आवडीबाई. स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू. आवडीबाईने आल्या आल्या अनुपमाचा हात धरला. “पोर बरी हाय ना गो? माज्या डोल्यांसमोरनं जात नाय.” अनुपमाला रडू आलं. मी पेपर वाचत राहिलो.

किशोर तीस-बत्तिशीचा. आधी मुंबईत टॅक्सी चालवायचा, म्हणून बोलण्यात हिंदी-इंग्लिश घुसवतो. मला म्हणाला, “सर, तिलगूल घ्या, गोड बोला.” मी तिळगूळ घेतला. गोड बोललो नाही. सुडाचा पहिला हप्ता.

लाडू तीन खाल्ले. चव घ्यायला पहिला, खात्री करायला दुसरा.

इराने एक उचलला. मी हात आडवा केला. तिने लाडू तळहातावर तोलला, कितीचा आहे ते मनात मोजलं, त्या मानाने इन्सुलिन घेतलं, आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ला. किशोर म्हणाला, “म्याडम परफेक्ट मोजतात.” याला काय कळतं?

तर कळतं म्हणे. जूनमध्ये नोकरीला लागल्या लागल्या इराने शाळेत सहा जणांना बसवून शिकवलं होतं, मला असं झालं तर काय करायचं. मुख्याध्यापिका सारिका मॅडम, शिक्षिका दिशा, शिपाई सहदेव, आणखी दोघं, आणि जीपवाला. घरीही शिकवणार होती. मी म्हटलं होतं, अकरा वर्षं बघतोय, मला काय शिकवतेस. मग तिने एक कागद लिहून फ्रिजला चिकटवला होता. त्यावर मी पाणी येण्याच्या वेळा लावल्या.

किशोर गेल्यावर कागद काढून बघावासा वाटला. नाही बघितला. शत्रूच्या हातात मुद्दा द्यायचा नसतो.

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.४०

इरा आजपासून शाळेत. जीपनेच. मी विरोध केला, कोणी ऐकला नाही.

आज पुरावा गोळा करणार. स्कूटरवरून पाठलाग. बेदरकार वेग हा मुद्दा ठेवायचं ठरलं. मोबाईल खिशात, कॅमेरा चालू.

१६ जानेवारी. संध्याकाळी

पोलादपूरपर्यंत किशोर पस्तिशीच्या पुढे गेला नाही. चौकात आंबेनळी घाटाच्या रस्त्याला वळला, तेव्हाही वळणाआधी हॉर्न, हात बाहेर, सगळं पुस्तकाप्रमाणे. मुद्दाम.

कापडे तीन किलोमीटर राहिलं असताना माझं मागचं चाक बसलं. मी रस्त्याकडेला झाडाआड उभा राहिलो. जीप गेली. आणि मग रिव्हर्समध्ये मागे आली.

किशोरने दोन शिक्षकांच्या मदतीने स्कूटर टपावर बांधली. मला पुढच्या सीटवर बसवलं. “सर कुठं निघालेलात?” म्हटलं, महाबळेश्वर. तो म्हणाला, “चप्पलीवर? थंडी हाय वर.” मागे कोणीतरी खोकलं. इरा मागेच बसली होती. संपूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

शाळेच्या फाटकाशी सगळ्या मुलांसमोर मी जीपमधून उतरलो, माझ्यामागून माझी स्कूटर. कॅमेऱ्यात एक तास चार मिनिटं खिशाचं अस्तर.

घरी आल्यावर इरा जेवताना शांतपणे म्हणाली, पोलादपूरला दिशाबरोबर खोली बघतेय. एक तारखेपासून.

हे किशोरचं काम. माझ्या घरात फूट पाडली त्याने.

१९ जानेवारी, सोमवार

किशोरने घरात फूट पाडली, असं अनुपमाला म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली. एवढं सलग ती सव्वीस वर्षांत कधी बोलली नव्हती. जसंच्या तसं लिहितो, रेकॉर्डसाठी.

ती म्हणाली, “किशोरने नाही, तुम्ही. इरा रोज डब्याआधी पंधरा मिनिटं इन्सुलिन घेते, दोन पोळ्या आणि भाताच्या मापाने. त्या दिवशीही घेतलं. मग डबा उघडला तर काकडी आणि कारलं. तेवढ्यात रिलेची शिट्टी झाली, मुलांबरोबर पळाली. घाम फुटला तेव्हा पर्समधली डबी काढली. त्यात मेथ्या. हातात तुमची चिठ्ठी होती तिच्या, पडली तेव्हा. सहदेवने ती उचलून किशोरकडे दिली.”

यावर सविस्तर टिपणी लिहिणार होतो. पेन सापडलं नाही.

(हे पेन्सिलने लिहिलं आहे.)

१९ जानेवारी. दुपारी ४

तरीही वीस मिनिटं आणि पेढ्यांचा बॉक्स शिल्लक राहतात. डब्याचा विषय वेगळा, जीपचा विषय वेगळा. दोन स्वतंत्र फाईली. पहिलीवर नंतर विचार करू.

२१ जानेवारी, बुधवार

तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय हवा. डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, तोंडात साखर न घालून जीपवाल्याने निष्काळजीपणा केला, एवढं लेटरहेडवर द्या.

डॉक्टर म्हणाले, बसा. मग विचारलं, बेशुद्ध माणसाला गिळता येतं का? म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग पेढा कुठे जाईल? ते म्हणाले, श्वासनलिकेत. शुद्धीवर असती तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, बरोबर. बेशुद्धीत काहीही नाही. कुशीवर वळवायचं आणि धावायचं. त्या माणसाने तिच्या तोंडात काही कोंबलं असतं, तर तुम्ही आज माझ्याकडे वेगळा कागद मागायला आला असतात.

मी म्हटलं, हे लेखी द्याल? हट्टाने म्हटलं. वाटलं माघार घेतील. त्यांनी दिलं. सही, शिक्का.

फाईलमधला हा एकमेव अधिकृत पुरावा, आणि तो आरोपीच्या बाजूचा. लावला. उलटा लावला.

परत येताना बसमध्ये एक माणूस पेढे वाटत होता, नातू झाला म्हणून. मला दिलेला हातात धरून ठेवला. महाड आलं तरी खाल्ला नव्हता.

२३ जानेवारी, शुक्रवार

सारिका मॅडमचा फोन. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर किशोरचा सत्कार. शाल आणि श्रीफळ मुलीच्या वडिलांच्या हस्ते. याल ना?

म्हटलं, आनंदाने.

राजेंद्र, संधी चालून आली. माईक, चारशे लोक, आणि आरोपी समोर उभा. भाषणात अकरा मुद्दे काढतो. वेग, विलंब हे वगळावे लागतील. साखरही, डॉक्टरांमुळे.

उरलेले मुद्दे : पेढ्यांचा बॉक्स (कोणासाठी होता?). हसणे. हॉर्न. मला न विचारता स्कूटर टपावर बांधणे.

अकरा होतील.

२५ जानेवारी, रविवार

इरा सामान आवरते आहे. पुस्तकं, कपडे, इन्सुलिनची पेटी. मी म्हटलं, काही मदत? ती म्हणाली, नको. मग थोड्या वेळाने म्हणाली, बाबा, उद्या तिथे काही बोलू नका. तुमच्या खिशात कागद आहे ना?

म्हटलं, नाही. खिसा फुगलेला होता.

ती पलंगावर बसली. म्हणाली, मला अजूनही मैदानात जायची भीती वाटते. वर्गातून मैदान दिसतं, मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. हे मी आईलाही सांगितलं नाहीये.

म्हटलं, बडीशेप देऊ का.

बडीशेप घेतली तिने.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी ३

नीट लिहितो.

आधी इरा बोलली. मुलांना सांगितलं, त्या दिवशी तुम्ही घाबरलात, ते का झालं ते सांगते. शुगर म्हणजे काय, इन्सुलिन म्हणजे काय, सोप्या भाषेत. मग किशोरला सतरंजीवर झोपवून कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मुलं हसली, तो डोळे मिटून पडून राहिला. एका मुलाने विचारलं, मॅडम, पण शुगर कमी का झाली?

मी खुर्चीत सरळ झालो.

इरा म्हणाली, “माझी चूक. डबा उघडून बघण्याआधीच मी इन्सुलिन घेतलं. आणि पर्समधल्या गोळ्या आहेत का, ते सकाळी तपासलं नाही. आता रोज तपासते.”

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या बाजूला अनुपमा बसली होती, ती पदराच्या टोकाशी खेळत होती.

मग माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, माईक. समोर किशोर, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याच्या आईने पुढच्या रांगेत बसून हात जोडलेले, मला. अकरा मुद्दे खिशात. (नऊच झाले होते.)

मी माईकसमोर म्हटलं, “डबा मी भरला होता.”

माईक बंद होता. सहदेव बटण शोधत होता. चारशे लोकांपैकी फक्त किशोरने ऐकलं. शालीसाठी वाकला होता, तसाच वाकलेला राहून हळू म्हणाला, “म्हाईत हाय, सर. चिट्टी माज्याकडं होती. म्याडम शुद्धीवर आल्यावर त्यांना दिली. त्यांनी फाडून टाकली नि मला बोलल्या, कुनाला सांगायचा नाय.” मग म्हणाला, “नारल नीट धरा, पडंल.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. संक्रांतीला माहीत होतं. झाडाआड मी उभा होतो तेव्हाही. पोलादपूरला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्याची कॉलर धरली होती, हे मी ९ तारखेला लिहिलं नाही. तेव्हाही माहीत होतं. तेव्हा तो म्हणाला होता, सर, बसा आधी, पानी घ्या. आणि हसला होता. ते हसणं मी नोंदवलं, पाणी नोंदवलं नाही.

माईक चालू झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “धन्यवाद.” अकरा मुद्द्यांपैकी हा नव्हता.

टाळ्या वाजल्या. किशोरने जीपमधून पाणी आणून दिलं. या वेळी प्यायलो.

२७ जानेवारी, मंगळवार

तक्रारीची सात पानं पाठकोरी आहेत. वाणसामानाच्या यादीसाठी अनुपमाला दिली.

फ्रिजवरच्या पाण्याच्या वेळा काढल्या. खालचा कागद वाचला. पाच ओळी. वाचायला एक मिनिट लागलं. चिकटवून सात महिने झाले.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६

इरा गेली. सामान किशोरच्या जीपमधून. गादी वर बांधताना मी दोरी धरली. किशोर म्हणाला, सर, गाठ नको, मी मारतो.

जायच्या आधी तिने माझी परीक्षा घेतली. लेखी. मी म्हटलं होतं, मलाही शिकव. ती म्हणाली, शिकवलंय, फ्रिजवर होतं, आता पेपर. शाळेतल्या सगळ्यांना हाच पेपर दिला होता.

पहिला प्रश्न, मी शुद्धीवर आहे, थरथरतेय. लिहिलं : साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. दुसरा, मी बेशुद्ध आहे. लिहिलं : तोंडात काहीही नाही, कुशीवर, १०८. तिसरा, माझ्या डब्यात बदल करायचा असेल तर? तीन शब्दांचं उत्तर होतं, मी प्रस्तावनेसह दीड पान लिहिलं. तिने खाली लाल पेनने लिहिलं, ‘मला विचारून करायचा.’ चौथा, तुम्ही घाबरलात तर काय कराल? हा सोडला. किशोरने त्यात काय लिहिलं होतं, विचारलं. ती म्हणाली, “घाबरलेला असताना पन करनार.” त्याला पूर्ण मार्क.

मला दहापैकी साडेसहा. म्हटलं, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, बाबा, यात दहापैकी दहालाच पास.

नापास झाल्यावर तिने मला जवळ घेतलं. उलट व्हायला पाहिजे होतं, पण लक्षात यायच्या आत ती जीपमध्ये बसली होती.

तिच्या दंडावर आता शुगर मोजणारा सेन्सर आहे, त्याचा आकडा चार जणांच्या फोनवर दिसतो. दिशा, सारिका मॅडम, किशोर, अनुपमा. माझ्या फोनवर पास झाल्यावर.

चहाच्या वेळी अनुपमाने सांगितलं, एकशे अठरा. मी विचारलं नव्हतं.

विचारलं होतं. दोनदा.